जुन्या एसएमपीएसपासून छंदाच्या कामासाठी वीजपुरवठा

चवथीच्या तोंडावर माटोळीभोवती, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-भाज्यांच्या सजावटीभोवती, लावायच्या एलईडी पट्टीसाठी बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर विकत आणायला निघालेल्या माणसाच्या घरात, माळ्यावर किंवा पलंगाखाली, बंद पडलेला एखादा संगणक बहुधा असतोच. त्याच्या मागच्या कोपऱ्यात स्क्रूंनी बसवलेली लोखंडी पेटी, म्हणजे एसएमपीएस, त्या अ‍ॅडॉप्टरपेक्षा कितीतरी पट अधिक वीज देऊ शकते. संगणकाचा मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली, तरी ही पेटी पुष्कळदा धडधाकट असते. ती छंदाच्या कामासाठी कशी वापरावी याच्या अनेक कृती प्रचलित आहेत आणि त्यांतील बहुतेक कृती पेटी उघडून, तिच्या पत्र्याला भोके पाडून त्यांत तारा जोडायचे टर्मिनल बसवायला सांगतात. मी येथे जी पद्धत देत आहे तिच्यात पेटीचे झाकण शेवटपर्यंत बंदच राहते आणि तिची एकही तार कापावी लागत नाही.

झाकण बंद ठेवण्याचा आग्रह सोवळेपणाचा नाही. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर पेटीतील मोठ्या कपॅसिटरांवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो. ज्या पेट्यांत अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट, असते त्यांत तो ३८० व्होल्टच्या आसपास जातो. जुन्या पेट्यांत ४७० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले आढळतात, आणि त्यांत साठणारी ऊर्जा बारा ज्यूलच्या घरात असते. प्लग काढल्यावर ही ऊर्जा हळूहळू जिरवण्यासाठी समांतर रेझिस्टर बसवलेले असतात, पण नेमका तो रेझिस्टरच जळालेला असेल तर बाहेरून काहीही कळत नाही. शिवाय आतील हीटसिंकपैकी (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्यांपैकी) एक थेट मेन्सच्या, म्हणजे घरातील २३० व्होल्टच्या, बाजूला जोडलेला असू शकतो, आणि पत्र्याला भोक पाडताना पडलेला लोखंडाचा एखादा कीस बोर्डाखाली अडकून राहिला तर तो आज ना उद्या आपले काम करतोच.

पेटी निवडताना सर्वांत आधी तिच्या अंगावरचे लेबल वाचावे. त्यावर प्रत्येक व्होल्टेजखाली किती अँपिअर मिळतील हे छापलेले असते. एकूण वॅटचा मोठा आकडा पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही, कारण जुन्या पेट्यांत त्यातला मोठा वाटा पाच आणि ३.३ व्होल्टचा असतो, आणि आपल्याला बहुधा हवा असतो बारा व्होल्ट. पेटीच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेला लाल खटका असेल तर तो २३० वरच आहे याची खात्री करावी. तो चुकून ११५ वर राहिला आणि पेटी आपल्या मेन्सला जोडली तर आतील दाब दुपटीवर जाऊन कपॅसिटर फुटतात. त्यानंतर पंख्याच्या जाळीतून टॉर्चचा उजेड टाकून आत पाहावे. कपॅसिटरांचा माथा सपाट असावा. तो फुगलेला, किंवा त्यावर तपकिरी चिकट डाग आलेला दिसला तर ती पेटी बाजूला ठेवावी. दुसरी पेटी कोणत्याही भंगारअड्ड्यावर किंवा संगणकदुरुस्तीच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. गोव्यात आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. समुद्राकडच्या गावांत खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. आणि पेटीत पाल किंवा झुरळे राहून गेलेली असतात. मला एका पेटीच्या पंख्यामागे पालीची दोन अंडी सापडली होती आणि तिसऱ्याचे कवच पंख्याच्या पात्यात अडकले होते. जून ते सप्टेंबर कपाटात पडून राहिलेली पेटी लगेच मेन्सला लावू नये. एखादा दिवस कोरड्या उन्हात ठेवून मगच ती जोडावी.

मेन्सला पहिल्यांदा जोडताना शक्य असल्यास सिरीज बोर्ड वापरावा. साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब मेन्सशी सिरीजमध्ये जोडलेला हा बोर्ड दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाकडे असतो. पेटी जोडताच बल्ब क्षणभर उजळतो, कारण कपॅसिटर भरत असतात, आणि लगेच विझतो. तो भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे आणि तिचा नाद सोडावा. ही चाचणी पेटी स्टँडबायवर, म्हणजे मेन्सला जोडलेली पण सुरू न केलेली, असतानाच करावी. पुढे लोड टाकण्याआधी सिरीज बोर्ड काढावा, नाहीतर चांगली पेटीही अडखळते.

अर्थिंगविषयी मात्र तडजोड नको. पेटीच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून पत्र्याकडे गेलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्रा सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो आणि हात लावल्यास झिणझिण्या येतात. पेटीच्या सर्व काळ्या तारा आतून याच पत्र्याला जोडलेल्या असतात, त्यामुळे झिणझिण्या तुमच्या सर्किटपर्यंतही पोहोचतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या पिनेमागे तार असतेच असे नाही. एकदा वायरमनला बोलावून ती तपासून घ्यावी आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर त्याच खेपेला बसवून घ्यावे.

आता तारांकडे वळू. एटीएक्स, म्हणजे संगणकाच्या पेट्यांच्या प्रचलित मानकाच्या, पद्धतीच्या चोवीस पिनी कनेक्टरमध्ये पिवळी तार बारा व्होल्टची, लाल पाच व्होल्टची, नारिंगी ३.३ व्होल्टची आणि काळी ग्राउंडची असते. निळ्या तारेवर उणे बारा व्होल्ट असतो. जांभळ्या तारेवर पेटी मेन्सला जोडलेली असेपर्यंत, बाकी सर्व बंद असतानाही, पाच व्होल्ट असतो. राखाडी तार सर्व व्होल्टेज जागेवर आल्याची खूण देते. हिरवी तार चालू-बंद करण्याची आहे: ती काळ्या तारेला जोडली की पेटी सुरू होते, सोडली की बंद होते. हिरवी तार १६ व्या पिनेत असते आणि तिच्या दोन्ही शेजारच्या पिनांत, १५ आणि १७ मध्ये, काळ्या तारा असतात. ही शेजारजोडी पाहून घेण्याची सवय चांगली, कारण काही जुन्या ब्रँडेड संगणकांत कनेक्टर तोच पण तारांची मांडणी वेगळी असे, आणि अलीकडच्या पुष्कळ पेट्यांत सर्वच तारा काळ्या असतात. अशा पेटीत रंगाऐवजी पिन मोजावी लागते. जुन्या वीस पिनी कनेक्टरमध्ये हीच हिरवी तार १४ व्या पिनेत असते.

सुरू करण्याआधी मल्टिमीटर डीसी वीस व्होल्टवर ठेवून, काळे टोक काळ्या तारेला लावून जांभळी तार मोजावी. तेथे पाच व्होल्ट नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. असेल तर हिरव्या आणि शेजारच्या काळ्या पिनेत तारेचा तुकडा घालून पेटी सुरू करावी. पंखा फिरू लागला की पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळायला हवेत. मात्र रिकाम्या पेटीचे मोजमाप अर्धवटच असते. मोटारीच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट २१ वॅटचा बल्ब पिवळ्या आणि काळ्या तारेवर लावावा, म्हणजे पावणेदोन अँपिअर वाहतील, आणि तो पेटलेला असताना पुन्हा मोजावे.

येथे जुन्या पेट्यांचा एक स्वभाव समजून घ्यावा लागतो. त्यांत बारा आणि पाच व्होल्ट एकाच ट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून निघतात आणि नियंत्रण करणारी आयसी या दोहोंच्या एकत्रित बेरजेवर नजर ठेवते. त्यातही पाच व्होल्टला ती अधिक मान देते. संगणकात दोन्हींवर भार असल्यामुळे सारे सुरळीत चालते. आपण मात्र केवळ बारा व्होल्ट वापरतो आणि लाल तार रिकामी ठेवतो. मग बारा व्होल्ट खाली बसतो, पाच व्होल्ट थोडा वर चढतो, आणि आयसीच्या दृष्टीने बेरीज जुळल्यामुळे ती काहीच करत नाही. यावरचा उपाय जुनाच आणि स्वस्त आहे: लाल आणि काळ्या तारेमध्ये दहा ओहम, दहा वॅटचा सिमेंटचा पांढरा रेझिस्टर कायमचा जोडावा. त्यातून अर्धा अँपिअर वाहतो आणि अडीच वॅट उष्णता होते. माझ्याकडच्या एका पेटीत बल्ब लावल्यावर पिवळी तार ११.२ व्होल्ट दाखवत होती. हा रेझिस्टर लावताच ती ११.८ वर आली. दहा वॅटचा रेझिस्टर अडीच वॅटवर चालतो म्हणून तो थंड राहील असे मात्र समजू नये. बंद डब्यात त्यावर बोट ठेववत नाही. तो अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला क्लिपने आवळून हवेशीर बाजूला बसवावा. नव्या पेट्यांत प्रत्येक व्होल्टेजचे नियंत्रण बहुधा स्वतंत्र असते आणि तेथे या रेझिस्टरची गरज पडत नाही. गरज आहे की नाही हे बल्ब लावून मोजल्यावर कळतेच.

बाहेरचा डबा

संगणकाच्या दुकानात चोवीस पिनी एक्स्टेंशन केबल मिळते. तिचे एक टोक पेटीच्या कनेक्टरमध्ये बसते, दुसरे मदरबोर्डकडे जाते. मदरबोर्डकडचे टोक कापून टाकावे आणि त्या सुट्या तारा एका प्लास्टिकच्या किंवा लाकडी डब्यात नेऊन तेथे टर्मिनल, फ्यूज आणि स्विच बसवावेत. वीजफिटिंगसाठी मिळणारा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स यासाठी उत्तम. पेटी बंद पडली की कनेक्टर ओढून दुसऱ्या पेटीत खुपसायचा, डबा तोच. केबल घेताना एवढेच पाहावे की तिच्या तारा जाड आहेत, कारण काही स्वस्त केबलींत प्लास्टिकचे आवरण जाड आणि आतील तांबे बारीक असते.

डब्यात लाल तारा पाच, काळ्या आठ, नारिंगी चार आणि पिवळ्या दोनच येतात. एका तारेतून पाच-सहा अँपिअरहून अधिक नेऊ नये हा माझा नियम आहे, म्हणून दोन पिवळ्यांवर मी दहा अँपिअरची मर्यादा धरतो. त्याहून अधिक हवे असल्यास प्रोसेसरला जाणाऱ्या चार पिनी कनेक्टरमधल्या दोन पिवळ्या तारा त्याच्या वेगळ्या एक्स्टेंशनने आणाव्यात. एका रंगाच्या सर्व तारा एकत्र पिळून, सोल्डर करून, वर हीटश्रिंक ट्यूब चढवून टर्मिनलला न्याव्यात. तीन तारा एकाच टर्मिनलखाली नुसत्या पिळून आवळल्या तर काही महिन्यांत दमट हवेत त्यांचा सांधा काळा पडतो आणि तापू लागतो. नारिंगी तारेच्या १३ व्या पिनेत कधीकधी एक बारीक तपकिरी तारही गेलेली दिसते; ती पेटीला ३.३ व्होल्टची जाणीव देणारी तार आहे. आपण पेटीकडच्या तारा कापत नसल्यामुळे तिच्याकडे पाहावेही लागत नाही.

हिरवी तार आणि एक काळी तार साध्या टॉगल स्विचला जोडावी. यातून फक्त दीड-दोन मिलीअँपिअर वाहत असल्याने सर्वांत लहान स्विचही चालतो. जांभळ्या तारेवर एक किलोओहमच्या रेझिस्टरमार्फत लाल एलईडी लावावी, म्हणजे मेन्स चालू असल्याचे दिसते, आणि लाल तारेवर तशीच हिरवी एलईडी लावावी. पुष्कळ कृतींत ही दुसरी एलईडी राखाडी तारेवर लावायला सांगतात. राखाडी तार खुणेची आहे, भार वाहण्याची नाही. तिच्यावर काही चालवायचेच असेल तर मध्ये बीसी५४७ सारखा ट्रान्झिस्टर घालावा.

प्रत्येक टर्मिनलच्या आधी स्वतंत्र फ्यूज हवा. बारा व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत या साऱ्या उद्योगातली सर्वांत महागडी चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरच्या मुलांनी दिवाळीसाठी केलेल्या नरकासुराच्या पुतळ्याचे डोळे लुकलुकवण्यासाठी मी अशीच एक पेटी जोडून दिली होती. फ्यूज बसवायला वेळ नव्हता आणि डोळ्यांपर्यंतची तार दाराच्या बेलची, केसासारखी बारीक होती. नरकासुराच्या मानेत कुठेतरी ती सोलली आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. पेटीला हे शॉर्ट वाटलेच नाही. तिच्या दृष्टीने तो वीस अँपिअरच्या आतला एक मोठा भार होता आणि ती इमानेइतबारे वीज पुरवत राहिली. तारेचे आवरण वितळले, सुके गवत आणि वर्तमानपत्राचा कागद धुमसू लागला, आणि आम्ही दोन बादल्या पाणी ओतले. नरकासुर पहाटे जाळायचा असतो, रात्री दहाला नव्हे, हे एका आजोबांनी त्यानंतर मला प्रत्येक दिवाळीत ऐकवले आहे. पेटीच्या आतील संरक्षण पेटीला वाचवण्यासाठी असते. तुमच्या बारीक तारेला वाचवण्याचे काम फ्यूजचे. फ्यूज नेहमी तारेच्या कुवतीनुसार निवडावा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे चपटे फ्यूज आणि त्यांचे होल्डर मला सर्वांत सोयीचे वाटतात, कारण त्यांचा रंगच आकडा सांगतो: जांभळा तीन अँपिअरचा, फिकट तपकिरी पाचाचा, लाल दहाचा. मी पाच व्होल्टला पाचाचा आणि बारा व्होल्टच्या दोन टर्मिनलांना प्रत्येकी पाचाचा घालतो.

कामाला लावताना

पहिला अडथळा येतो तो लांब तारांचा. दहा मीटर दूर असलेल्या कमानीला एक चौरस मिलिमीटरच्या तारेने पाच अँपिअर न्यायचे झाल्यास जाऊन-येऊन वीस मीटर तांबे होते, त्याचा रोध सुमारे ०.३५ ओहम, म्हणजे वाटेतच पावणेदोन व्होल्ट जातात आणि पट्टीला जेमतेम सव्वादहा उरतात. तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.७ व्होल्टच जातात. त्याहून चांगले म्हणजे पेटीच कमानीजवळ, पावसापासून सुरक्षित ठेवावी आणि लांबचा पल्ला मेन्सच्या केबलला करू द्यावा. एका मीटरला साठ दिवे असलेली जाड एलईडी पट्टी मीटरला सुमारे १४.४ वॅट घेते. पाच मीटरच्या रिळाला सहा अँपिअर लागतात, तेव्हा ते अर्धे-अर्धे करून दोन टर्मिनलांवर वाटावे. रंग बदलणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बी पट्ट्यांना पाच व्होल्ट लागतो. त्यांतला एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलीअँपिअर घेतो, म्हणजे साठ दिव्यांना ३.६ अँपिअर.

माशेल-कुंभारजुवे भागातील चवथीचे देखावे किंवा शिगमोचे, म्हणजे गोव्याच्या शिमग्याचे, चित्ररथ पाहून ज्यांना हलती मूर्ती करावीशी वाटते ते मोटारीच्या वायपरची मोटर शोधतात, आणि ती या पेटीवर चांगली चालते. फक्त सुरुवातीच्या झटक्याला किंवा मूर्तीचा हात कशात अडकला तर ती चालतानाच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. मग फ्यूज उडतो, नाहीतर पेटी स्वतःला बंद करून घेते. बंद झालेली पेटी आपोआप सुरू होत नाही. स्विच बंद करून, मेन्स काढून, काही सेकंद थांबून पुन्हा सुरू करावी लागते. मोटरीच्या दोन टोकांवर १एन५४०८ डायोड उलटा लावावा, म्हणजे तिचा उलट झटका पेटीकडे येत नाही. डायोडवर रंगीत पट्टी असलेले टोक धन तारेकडे ठेवावे. मोटर उलट फिरवण्यासाठी तारा बदलल्या तर डायोडही बदलून लावायला विसरू नये, नाहीतर तोच शॉर्ट होतो.

मधली व्होल्टेज हवी असल्यास पिवळ्या आणि लाल तारेमधून सात व्होल्ट काढण्याची युक्ती सांगितली जाते. मी ती वापरत नाही, कारण मग लाल तारेत उलटा प्रवाह ढकलला जातो आणि पेटी त्यासाठी बनवलेली नाही. त्याऐवजी बारा व्होल्टवर एलएम२५९६ चे छोटे बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज खाली आणणारे तयार सर्किट, लावावे. नव्या सर्किटची पहिली चाचणी करताना तर प्रवाहाची मर्यादा ठरवता येणारे एक्सएल४०१५ चे मॉड्यूल मधे घालावेच, कारण पेटीला स्वतःहून अर्ध्या अँपिअरवर थांबता येत नाही. उणे बारा व्होल्टची निळी तार ऑप-अँपच्या (संकेत वाढवणाऱ्या आयसीच्या) सर्किटांना उपयोगी पडते, मात्र तिच्यात जेमतेम अर्धा अँपिअर असतो, लेबल पाहावे. रेडिओ आणि माइकच्या प्रीअँप्लिफायरसाठी ही पेटी सरळ वापरू नये. एटीएक्सच्या मानकात बारा व्होल्टवर १२० मिलीव्होल्टपर्यंतची थरथर मान्य आहे, आणि ती कानाला ऐकू येते. मध्ये एलएम३१७ ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी आयसी घातल्यास बरेच शांत होते.

दोन गोष्टी करूच नयेत. चोवीस व्होल्टसाठी दोन पेट्या सिरीजमध्ये जोडू नयेत: दोहोंच्या काळ्या तारा अर्थिंगमधून एकमेकींना आधीच जोडलेल्या असल्याने खालच्या पेटीचा सरळ शॉर्ट होतो. आणि स्कूटरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी यावर चार्ज करू नये. बारा व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला भरायला १३.८ ते १४.४ व्होल्ट लागतात. या पेटीत ते नाहीत, आणि वीज गेली की उलट बॅटरीच पेटीत रिकामी होऊ लागते.

जांभळ्या तारेचा उपयोग मला सर्वांत उशिरा सुचला. तिच्यावर एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा नियंत्रक बोर्ड) कायम चालू ठेवावा, त्याच्या एका पिनेतून ४.७ किलोओहममार्फत बीसी५४७ च्या बेसला जोडावे, एमिटर काळ्या तारेला आणि कलेक्टर हिरव्या तारेला लावावा. मग सातच्या ठोक्याला आकाशकंदील आपोआप लागतो आणि अकराला विझतो. दिवसभर मोठी पेटी झोपलेली असते, पंखाही फिरत नाही. या जोडणीत टॉगल स्विच काढून टाकू नये, तो समांतरच ठेवावा. आर्डुइनोतला प्रोग्रॅम चुकला तर चवथीच्या संध्याकाळी लॅपटॉप शोधत बसण्यापेक्षा तो दाबणे सोपे असते.